शुद्ध तूप, शुद्ध नृत्य आणि आठ आकडे

‘शुद्ध’ हा शब्द आपण मराठी माणसं तुपाला लावतो, शाकाहारी खाणावळीच्या पाटीवर लिहितो आणि शास्त्रीय नृत्याबद्दल बोलताना वापरतो. तुपाच्या बाबतीत माझा काही आक्षेप नाही. खाणावळीचं खाणावळवाला जाणे. नृत्याच्या बाबतीत मात्र कुणी हा शब्द उच्चारला की माझ्यातली इतिहासाची बाई जागी होते. (निवृत्त होऊन पंधरा वर्षांच्या वर झाली, पण ती काही झोपत नाही.)

आता हेच बघा ना. भरतनाट्यमच्या कार्यक्रमाला गेलात तर अलारिप्पु, जतिस्वरम, शब्दम, वर्णम, पदम, तिल्लाना असा एक ठरलेला क्रम असतो. हा क्रम फार पुरातन, थेट भरतमुनींपासून चालत आलेला असावा असं प्रेक्षकांत बसलेल्या निम्म्या लोकांना वाटतं. प्रत्यक्षात तो घडवण्याचं श्रेय चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू या चार भावांना दिलं जातं, आणि ते एकोणिसाव्या शतकात होऊन गेले. त्यांचा उत्कर्ष झाला तो तंजावरच्या दरबारात, आणि तो दरबार होता आपल्या भोसल्यांचा! दुसरे सरफोजी राजे १७९८ ते १८३२ तंजावरच्या गादीवर होते. या राजाच्या पदरी कर्नाटक संगीताचे गवई होते, तसा पाश्चात्त्य वाद्यांचा बँडही होता. कर्नाटक संगीतात व्हायोलिन रुजवणाऱ्यांत चौघांतल्या वडिवेलूंचं नाव घेतात. आणि सरफोजींच्या नावावर नृत्यासाठी रचलेली चक्क मराठी निरूपणं आहेत. पुढे मुंबईच्या आचार्य पार्वतीकुमारांनी ती अभ्यासून भरतनाट्यममध्ये बसवली, म्हणून आपल्याला ठाऊक तरी झाली. म्हणजे तमिळ नट्टुवनार, मराठी राजा, तेलुगू पदं आणि इंग्रजी वाद्यं. यातलं शुद्ध कुठलं काढू?

रुक्मिणीदेवी अरुंडेल यांचंही तेच. मंदिरांतल्या आणि दरबारांतल्या देवदासींचं ‘सदिर’ त्या शिकल्या, १९३५ साली अड्यारला रंगमंचावर नाचल्या आणि १९३६ मध्ये त्यांनी कलाक्षेत्र काढलं. त्याआधी त्यांनी ॲना पाव्हलोव्हाच्या कंपनीतल्या नर्तिकेकडून बॅले शिकून घेतला होता. वेशभूषा बदलली, प्रकाशयोजना आणली, शृंगार पुष्कळसा गाळला. बालसरस्वतींना हे गाळणं मान्य नव्हतं, आणि मला विचाराल तर त्यांचं म्हणणं अगदी बिनबुडाचं नव्हतं. ओडिसी तर १९५० च्या दशकात जाणत्या गुरूंनी एकत्र बसून पुन्हा बांधली. असो. सांगायचा मुद्दा एवढाच की आज आपण ज्याला शास्त्रीय म्हणून हात जोडतो ते कधीकाळी कुणीतरी धाडस करून केलेलं मिश्रणच आहे.

हे पुराण लावण्याचं कारण आमच्या घरातच आहे. माझी नात पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. नऊ वर्षं कथक शिकते आहे. प्रारंभिकपासून एकेक परीक्षा देत आता विशारदपर्यंत आली आहे. (दहावीच्या वाढीव गुणांसाठी क्लासला येऊन दहावी झाली की घुंगरं माळ्यावर टाकणाऱ्यांपैकी ती नव्हे, हे आजी म्हणून नमूद करते.) तिच्या कॉलेजच्या चमूने आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी कथक आणि हिपहॉप असं फ्यूजन बसवायला घेतलं. तिच्या ताईंना, म्हणजे कथकच्या गुरूंना, ते कळलं. त्यांनी शांतपणे सांगितलं, “ज्या दिवशी बूट घालून तत्कार करशील, त्या दिवसापासून माझ्याकडे येऊ नकोस.” परीक्षा तोंडावर आलेली. पोरगी दोन दिवस जेवली नाही. आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर जो धुरळा उडाला तो तुमच्यापैकी नातेवाईक मंडळींनी पाहिलेलाच आहे. माझा मुलगा म्हणतो, सगळं चालतं, कला म्हणजे स्वातंत्र्य. धाकट्या नणंदबाई म्हणतात, ताईंचंच बरोबर, गुरूचा शब्द मोडू नये. न्यू जर्सीच्या पुतणीने तिकडच्या कॉलेजांतल्या बॉलिवूड-फ्यूजन स्पर्धांचे चार व्हिडिओ पाठवले आणि खाली नाचणाऱ्या बाईचं चित्र टाकलं. मी गटावर काही लिहिलं नाही. तिथे चार ओळींच्या वर लिहिलं की कुणी वाचत नाही. म्हणून इथे लिहिते.

आधी ताईंबद्दल. त्यांच्याविषयी मला आदर आहे, नऊ वर्षं त्यांनी पोरीला घडवलं आहे. पण बंदी मला पटत नाही. ज्या लखनौ घराण्याचं नाव त्या कान पकडून घेतात, त्याच घराण्यातल्या लच्छू महाराजांनी १९६० च्या ‘मुघल-ए-आझम’साठी आणि १९७२ च्या ‘पाकिजा’साठी नृत्यं बसवली. त्यांचे पुतणे बिरजू महाराज, जे २०२२ मध्ये गेले, त्यांनी ‘शतरंज के खिलाडी’पासून (१९७७) ‘देवदास’पर्यंत (२००२) सिनेमात काम केलं. बनारसकडच्या गोपीकृष्णांना तर सबंध देश ओळखू लागला तो शांतारामबापूंच्या ‘झनक झनक पायल बाजे’मुळे, १९५५ मध्ये. सितारादेवी कथक करत, सिनेमात नाचत, आणि दोन्हीकडे त्यांच्या पायाची धास्ती असे. यांच्यापैकी कुणी लोकप्रिय नाचाचा विटाळ मानला नाही. आणि आपल्या पुण्याच्या रोहिणीताई भाटे? १९४७ मध्ये त्यांनी नृत्यभारती काढली, लच्छू महाराजांकडे आणि मोहनराव कल्याणपूरकरांकडे शिकल्या, आणि नंतर स्वतःच्या रचना करत राहिल्या. अहमदाबादच्या कुमुदिनीबाई लाखिया, ज्या २०२५ मध्ये चौऱ्याण्णव वर्षांच्या होऊन गेल्या, त्यांनी एकट्याने करायचं कथक समूहाने करायला लावलं आणि कृष्ण-राधेच्या पलीकडे नेलं. त्यांनाही आधी बोलणी बसलीच. तेव्हा ‘आमच्यात असं करत नाहीत’ हे वाक्य कथकच्या इतिहासात टिकत नाही.

पण म्हणून माझ्या मुलाचं ‘सगळं चालतं’ मला चालतं असं नाही!

नातीने मला तालमीचा व्हिडिओ दाखवला. जवळपास पाच मिनिटांचा नाच. पहिल्या चाळीस सेकंदांत सात मुली घेरदार अनारकली घालून येतात, नमस्कार करतात, चार-पाच चक्कर घेतात. मग एकदम ढोल-ड्रमचा धमाका होतो, दिवे बदलतात, मुली ओढण्या भिरकावून देतात, आतून काळे टी-शर्ट निघतात, मुलं उड्या मारत येतात, आणि उरलेली चार मिनिटं हिपहॉप. शेवटी पुन्हा एक चक्कर आणि नमस्कार. टाळ्या.

मी तिला विचारलं, “बाळ, यात कथक कुठे आहे?”

ती म्हणाली, “सुरुवातीला आहे की, आजी.”

“सुरुवातीला ओढणी आहे,” मी म्हटलं.

ती हसली, पण तिला कळलं. हा नाच बघणाऱ्याला काय सांगतो? की परंपरा म्हणजे अंगावरची ओढणी, ती भिरकावली की मोकळं होता येतं. हे सांगायचं असेल तर जरूर सांगावं, पण त्याला मीलन म्हणू नये. दोन माणसं एकाच फलाटावर दोन मिनिटं उभी राहिली म्हणजे त्यांचं लग्न झालं असं होत नाही. टीव्हीवर १९९६ ला ‘बुगी वुगी’ आलं, २००९ ला ‘डान्स इंडिया डान्स’ आलं, तेव्हापासून हा साचा पक्का झाला आहे. आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात त्याला ‘सेमी-क्लासिकल’ म्हणायचे. ड्रेपरीवाल्याकडून भरतनाट्यमचा पोशाख भाड्याने आणायचा, डोळ्यांत काजळ ओतायचं, आणि मग सिनेमाच्या गाण्यावर वाटेल ते करायचं. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या शाळेत मी वर्षानुवर्षं पडद्यामागे उभी राहून हे पाहिलं आहे, पिना लावून दिल्या आहेत, कॅसेट पेन्सिलीने गुंडाळल्या आहेत. मुलं नाचली, आईबापांना आनंद झाला, माझी तक्रार नाही. पण ती मुलं नृत्य शिकलेली नव्हती. नऊ वर्षं शिकलेल्या मुलीने तेच करायचं, हे मला झोंबतं.

खरी अडचण कपड्यांची नाही आणि बुटांचीही नाही. ती मोजण्याची आहे. तालमीत त्यांचा म्होरक्या मोठ्याने मोजतो, “फाइव्ह, सिक्स, सेव्हन, एट!” लोकप्रिय नाच आठाच्या आकड्यांत बसवलेला असतो, कारण गाणी चाराच्या पटीत असतात. यात कमीपणा काही नाही. पण कथकचा प्राण कशात आहे? लयीच्या हिशेबात. तीनताल सोळा मात्रांचा. समेवरून सुरू केलेला पाच मात्रांचा तुकडा तीनदा करा, दोन तुकड्यांच्या मध्ये एकेक मात्रा थांबा. तीन पंचे पंधरा आणि दोन सतरा. सतरावी मात्रा म्हणजे पुढच्या आवर्तनाची पहिली, म्हणजेच सम. ही झाली साधी तिहाई. मधल्या काळात नाचणारी आणि तबला यांची वाट वेगळी झाल्यासारखी वाटते, बघणारा अस्वस्थ होतो, आता ही चुकणार असं वाटतं, आणि ती बरोबर ‘धा’वर येऊन उभी राहते. सगळं सभागृह ‘वाः’ म्हणतं ते त्या सुटकेला. हीच तिहाई दहा मात्रांच्या झपतालात तीन मात्रांच्या तुकड्याने होते, सात मात्रांच्या रूपकात दोनच्या तुकड्याने. करून बघा बोटांवर, मजा येते.

आता फ्यूजनमध्ये काय होतं, तर सोळाचे दोन आठ पडतात म्हणून तीनताल तेवढा वापरतात, आणि तोही तुकडे पाडून. झपताल, रूपक, चौदा मात्रांचा धमार यांना प्रवेशच नाही, कारण ते आठात मावत नाहीत. शिवाय ट्रॅक आधीच ध्वनिमुद्रित केलेला. तबलजी नाही, लेहरा धरणारा नाही. समोर कुणी चुकण्याची शक्यताच नसेल तर समेवर येण्यात थरार कुठून येणार? मुलींच्या पायांत शंभर-शंभर घुंगरं आणि स्पीकर इतका मोठा की एकाचाही आवाज ऐकू येत नाही. मग ती बांधायची कशाला?

२०१५ च्या ‘बाजीराव मस्तानी’त दोन्ही तऱ्हा शेजारी शेजारी पाहायला मिळतात. ‘मोहे रंग दो लाल’ बिरजू महाराजांनी बसवलेलं. त्यात दिग्दर्शकाचा झगमगाट भरपूर आहे, पण नजर, मनगट, ठहराव सगळं कथकच्या घरातलं आहे. आणि ‘पिंगा’! काशीबाई आणि मस्तानी एकत्र नाचल्या म्हणून तेव्हा गदारोळ झाला. माझा राग वेगळा होता. पिंगा हा मंगळागौरीचा खेळ, वाकून, घुमत, धाप लागेपर्यंत घालायचा. तो आठाच्या आकड्यांत बसवला की त्याची घुमच निघून जाते. उरतात दोन सुंदर बायका आणि दोन सुंदर नऊवाऱ्या. (आमच्या हिने मात्र तो मैत्रिणींच्या लग्नांत किमान सहा वेळा केला आहे.)

फ्यूजनवाल्यांना उदयशंकरांचं नाव घ्यायला आवडतं. घ्यावंच. १९२३ मध्ये लंडनला पाव्हलोव्हासाठी त्यांनी हिंदू विवाह आणि राधा-कृष्ण अशी नृत्यं बसवली तेव्हा ते चित्रकलेचे विद्यार्थी होते, शास्त्रीय नृत्याचं रीतसर शिक्षण झालेलं नव्हतं. पण १९३८ मध्ये अल्मोड्याला केंद्र काढलं तेव्हा या माणसाने काय केलं, तर कथकलीसाठी शंकरन नंबुद्री, भरतनाट्यमसाठी कंदप्पा पिळ्ळै, मणिपुरीसाठी अमोबी सिंग यांना आणून बसवलं. संगीताला काही काळ अल्लाउद्दीन खाँसाहेब. म्हणजे मिश्रण करणाऱ्याच्या शाळेत न मिसळलेलं शिकवायला त्या त्या विद्येचे गुरू! तिथे गुरुदत्त शिकले, झोहरा सहगल शिकवत होत्या. केंद्र जेमतेम काही वर्षं चाललं, पैसा संपला. १९४८ चा त्यांचा ‘कल्पना’ हा चित्रपट मिळाला तर जरूर बघा.

आणि एक गोष्ट माझ्या नणंदबाईंसाठी. हिपहॉप म्हणजे रस्त्यावरचं उनाड काहीतरी, असं त्यांचं मत आहे. रस्त्यावरचं आहे हे खरंच. १९७३ च्या आसपास न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात, गरीब कृष्णवर्णीय आणि लॅटिन वस्त्यांत ते जन्मलं. तबकडीवरच्या गाण्यात जिथे गायन थांबून नुसता ताल वाजतो, तो ‘ब्रेक’ पुन्हा पुन्हा वाजवून लांबवायची युक्ती तिथल्या पोरांनी काढली आणि त्या तेवढ्या जागेत नाचणारे ते ब्रेक डान्सर. गोल करून उभं राहायचं, एकाने मध्ये जायचं, आयत्या वेळी सुचेल ते करायचं, समोरच्याने त्याला उत्तर द्यायचं. हे सवाल-जवाबापेक्षा फार वेगळं आहे का हो? २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्याची स्पर्धाही झाली. माझ्या नातीच्या चमूतला जो मुलगा डोक्यावर उभा राहून फिरतो, तो रोज तीन तास घाम गाळतो, आणि त्याच्या गुरूचं नाव घेताना तोही कानाला हात लावतो. तेव्हा चाळीस सेकंदांचं कथक हा जसा कथकचा अपमान, तसा कथकच्या मुलींनी चार दिवसांत उचललेलं हिपहॉप हा त्याच्या विद्येचा अपमान आहे. हे त्याने स्वतः मला सांगितलं, जरा लाजत.

मला पटलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. पंडित चित्रेश दास कोलकात्याचे, कॅलिफोर्नियात कथक शिकवत. २००४ मध्ये एका नृत्यमहोत्सवात त्यांची गाठ जेसन सॅम्युएल्स स्मिथ या तरुण टॅप नर्तकाशी पडली. एक साठीचा, एक पंचविशीच्या आतबाहेरचा. एकाच्या पायात घुंगरं, दुसऱ्याच्या बुटाला धातूचा पत्रा. दोघांनी मिळून ‘इंडिया जॅझ स्वीट्स’ नावाचा कार्यक्रम वर्षानुवर्षं केला, भारतातही केला. पंडितजी २०१५ मध्ये गेले. त्या दोघांच्या नाचाचे तुकडे पाहायला मिळतात. त्यात कुणी कुणाचा पोशाख घालत नाही, कुणी दुसऱ्याची नक्कल करत नाही. तबला आणि जॅझची वाद्यं समोर हजर असतात. एक पायाने प्रश्न टाकतो, दुसरा पायाने उत्तर देतो, आणि दोघं एकाच समेवर येतात. पंडितजी बूट घालत नव्हते आणि जेसन अनवाणी नाचत नव्हता. ताईंना दाखवायला हवं ते हेच.

म्हणून माझं मत विचाराल तर ते असं. ताईंनी मना करू नये. उलट एक दिवस तालमीला जाऊन बसावं आणि चुकतं तिथे कान धरावा. मुलांनी ओढण्या फेकणं बंद करावं. आणि स्पर्धा भरवणाऱ्यांनी, ज्यांच्या नियमावलीत आज ‘पाच मिनिटं आणि गाणं पेन ड्राइव्हवर’ एवढंच आहे, त्यांनी फ्यूजनच्या गटाला निदान एक वादक रंगमंचावर बसवायची मुभा द्यावी. तसं पत्र मी मराठीत, सुवाच्य अक्षरात लिहून पाठवलं आहे. पोच आलेली नाही.

ताईंची भेट मी मागितली आहे. पुढच्या गुरुवारी जाणार आहे. नातीला सोबत नेणार नाही, कारण मोठ्यांच्या बोलण्यात ती रडेल आणि मग मुद्दा बाजूला राहील. ताई नाहीच म्हणाल्या तर पोरीने काय निवडावं, हे मी सांगणार नाही. नऊ वर्षं तिच्या पायांनी काढली आहेत, माझ्या नव्हे.

दरम्यान चमूने नाच मोडून पुन्हा बांधायला घेतला आहे. रूपक धरला आहे, सातचा. त्यांचा म्होरक्या पहिले दोन दिवस सातव्या मात्रेवर अडखळून आठवा आकडा म्हणायचा आणि सगळे हसायचे. डोक्यावर फिरणाऱ्या त्या मुलाला तोंडाने ड्रमचे आवाज काढता येतात, बीटबॉक्सिंग म्हणतात त्याला. तो आता पढंत शिकतो आहे. रविवारी आमच्याकडे पोहे खायला आला होता. रूपकाची सम खालीवर असते, तिथे टाळी द्यायची नाही, हात उलटा करायचा, हे माझ्या नातीने त्याला पाचव्यांदा सांगितलं. त्याने तोंडातला घास संपवला, हात उलटा केला आणि पुन्हा ‘तीं’पासून सुरुवात केली.